बॅटिंग आधी धुवायची का? गोधडी आणि क्विल्ट शिवण्याआधीचा हिशेब

बॅटिंग म्हणजे क्विल्टच्या दोन कापडांच्या मधे घालायची भर. थोडक्यात उत्तर असं: पॉलिस्टरची बॅटिंग धुवायची गरज नाही, सुट्टा कापूस तर अजिबात धुवायचा नाही, आणि सुती शीट असेल तर आधी वरचं कापड कोणतं आहे ते बघायचं. खरा घोळ या तिसऱ्या प्रकारात होतो, कारण आपण बॅटिंग एकटीच हातात घेऊन विचार करत बसतो. क्विल्टमध्ये तीन थर असतात: वरचा जोडलेला पल्ला, मधली भर आणि खालचं अस्तर. टाके त्यांना एकमेकांशी बांधून ठेवतात. तिन्ही थर सारखेच आटले तर क्विल्ट थोडी लहान होते, इतकंच. एक आटला आणि बाकीचे जागच्या जागी राहिले, तर फुगे येतात, कडा लाटांसारख्या होतात, कधी शिवणीवर ताण येऊन दोरा तुटतो. म्हणून बॅटिंग किती आटते यापेक्षा तिन्ही थरांच्या आटण्यात फरक किती आहे, हे शोधायचं असतं.

जुन्या लुगड्यांच्या वाकळेला हा प्रश्न कधी पडला नाही. वरचा थर जुना, आतला जुना, खालचाही जुनाच. वर्षानुवर्षं आपटून धुतलेल्या सुताडात आटायला काही उरलेलं नसतं. अडचण सुरू होते ती नवं कापड, पाकिटातली बॅटिंग आणि आजीची साडी हे तिघं एकत्र आल्यावर.

आटतं का आणि किती

सुती बॅटिंग म्हणजे पिंजलेल्या कापसाचे पातळ थर एकावर एक रचून, काटेरी सुयांनी टोचून एकमेकांत गुंतवलेली शीट. कारखान्यात ती ताणून गुंडाळतात. पाणी लागलं की कापसाचा तंतू फुगतो, तो ताण सुटतो आणि शीट आपल्या मूळ मापाकडे परत जाते. शिवाय घुसळल्यामुळे तंतू आणखी जवळ येतात. पहिल्या धुण्यात ३ ते ५ टक्के धरून चाला. ८० टक्के कापूस आणि २० टक्के पॉलिस्टरच्या मिश्र बॅटिंगलाही हाच आकडा धरावा. कमी आटली तर फायदाच. बांबू म्हणून विकली जाते ती बहुतेक व्हिस्कोस (लगद्यापासून केलेला तंतू) आणि कापसाचं मिश्रण असते. तिचं आटणं थोडं कमी, पण ओली असताना ती फार अशक्त होते, उचलताना फाटते.

पॉलिस्टर पाणी जवळजवळ पीतच नाही, त्यामुळे आटायचा प्रश्नच नाही. आपल्याकडे बाजारात फायबर शीट किंवा वॅडिंग म्हणून मीटरवर मिळते ती हीच. ६०, १००, १५०, २०० जीएसएम (दर चौरस मीटरला इतके ग्रॅम) अशा वजनात. तिचे तंतू चिकटद्रव्याने किंवा उष्णतेने एकमेकांना धरून ठेवलेले असतात. मशीनमध्ये एकटी घुसळली तर ती पकड सुटते आणि शीट जागोजागी विरळ होते. धुऊन मिळत काही नाही, नुकसान मात्र होतं.

लोकरीची बॅटिंग हा वेगळा स्वभाव. लोकरीच्या तंतूवर खवले असतात. गरम पाणी, साबण आणि घुसळणं एकत्र आलं की ते खवले एकमेकांत अडकतात आणि लोकर कायमची घट्ट होऊन बसते. काही लोकरी कापडांना याच गुणाने दाटपणा येतो, पण बॅटिंगमध्ये तो नको असतो. लोकर आधी धुवू नका. घडीच्या खुणा पडल्या असतील तर पाण्याचा बारीक फवारा मारून रात्रभर पसरून ठेवा, आपोआप फुलते.

ज्या बॅटिंगच्या पाठीवर इस्त्रीने चिकटणारा थर असतो तीही पाण्यात घालायची नाही. तो थर निघतो किंवा घडीतच एकमेकांना चिकटतो.

आता कापडाकडे या. चांगल्या प्रतीचं साधं सुती कापड २–३ टक्के आटतं. हातमागाचं आणि खादीचं त्याहून जास्त. फ्लॅनेलही जास्त. अस्तराला स्वस्त पडतं म्हणून मांजरपाट घेतात, त्यात खळ ठासून भरलेली असते. ती निघाली की कापड मऊ होतं, झिरझिरीत होतं आणि ५ टक्क्यांच्या वर सहज आटतं. काठावर सॅनफराइज्ड असा शिक्का असेल तर काळजी कमी. ती प्रक्रिया म्हणजे कापड कारखान्यातच यंत्राने आटवून घेणं. सॅनफर्ड क्लुएट यांनी १९३० मध्ये तिचं पेटंट घेतलं, नाव त्यांच्यावरूनच पडलं. असं कापड घरी जेमतेम १ टक्का आटतं.

कोणती जोडी केल्यावर काय होतं

नवं न धुतलेलं सुती कापड आणि न धुतलेली सुती बॅटिंग. वरचं कापड २–३ टक्के आटलं, बॅटिंग ४. फरक एक-दोन टक्क्यांचा. पहिल्या धुण्यानंतर टाक्यांच्या आजूबाजूला बारीक, मऊ सुरकुती येते. पुष्कळांना हीच हवी असते, कारण तिच्यामुळे क्विल्ट वापरातली वाटते आणि तुकडे जोडताना झालेली थोडीफार वाकडी शिवण तिच्यात लपते. बॅटिंग बनवणाऱ्या बहुतेक कंपन्या आधी धुण्याची गरज नाही म्हणतात ते ही जोडी डोळ्यांसमोर ठेवूनच.

धुतलेलं कापड आणि न धुतलेली सुती बॅटिंग. कापड जागच्या जागी, बॅटिंग ४–५ टक्के आत. सुरकुती जास्त खोल. जुन्या साडीचा वरचा पल्ला आणि आत नवी सुती बॅटिंग ही जोडीही यातच येते, आणि तिथे परिणाम सगळ्यात ठळक दिसतो, कारण साडीचं कापड पातळ असतं आणि लगेच उभं राहतं. आवडत असेल तर ठेवा. साडीवरची नक्षी सपाट दिसायला हवी असेल तर बॅटिंग आधी भिजवून आटवायलाच हवी.

न धुतलेलं कापड आणि धुतलेली बॅटिंग किंवा पॉलिस्टर. सगळ्यात वाईट जोडी हीच, आणि अतिकाळजीपोटी नेमकी हीच केली जाते: बॅटिंग निगुतीने धुऊन घेतात आणि कापड तसंच वापरतात, ‘नवंच तर आहे’ म्हणून. धुतल्यावर वरचं कापड आवळतं, आतली भर मावत नाही. क्विल्ट घट्ट फुगलेली दिसते, कडा आत वळतात, टाक्याचा दोरा ताणला जातो. मधे पॉलिस्टर आणि बाहेर मांजरपाट असेल तर पहिल्याच धुण्यात हे कळतं. नियम लक्षात ठेवायला सोपा आहे: बॅटिंग धुतलीत तर कापड धुतलंच पाहिजे. उलट मात्र बंधन नाही.

एका बाजूला नवं कापड, दुसऱ्या बाजूला जुनी साडी. इथे बॅटिंग धुवून काही सुटत नाही. क्विल्ट नव्या कापडाच्या बाजूला वाकते. नवं कापड आधी धुणं हाच उपाय.

टाके किती जवळ आहेत त्यावरही दिसणं ठरतं. गोधडीचा धावदोरा अर्ध्या ते एक इंचाच्या ओळींत चालतो, त्यामुळे आटण्याचा फरक शेकडो छोट्या कप्प्यांत वाटला जातो आणि पोत एकसारखा येतो. मशीनवर ८–१० इंच अंतर सोडून टाके घातले तर तोच फरक मोठ्या पोकळ फुग्यांत जमा होतो. प्रत्येक बॅटिंगला टाक्यांचं कमाल अंतर ठरलेलं असतं आणि ते पाकिटावर लिहिलेलं असतं. वॉर्म अँड नॅचरल या ब्रँडच्या बॅटिंगला १० इंचांपर्यंत चालतं, हॉब्ज कंपनीच्या ८०/२० मिश्र बॅटिंगला ४ इंच. हे अंतर पाळलं नाही तर आधी धुतलेली बॅटिंगही पुढच्या धुण्यांत सरकून गोळा होणार.

कधी आधी धुणं खरंच कामाचं

ठरलेल्या मापात बसायला हव्यात अशा वस्तू: टेबलावरची पट्टी, ट्रेचं अस्तर, शिलाई मशीनचं कव्हर, पाळण्याची गादी. इथे अर्धा इंचही खटकतो. गरम भांडी धरायचे चौकोन शिवत असाल तर आत फक्त सुती बॅटिंग घाला, पॉलिस्टर उष्णतेने वितळतं. आणि ते चौकोन सतत धुतले जात असल्याने बॅटिंग आधी आटवून घ्या.

भरतकाम, ॲप्लिक (कापडावर कापडाचे आकार शिवून केलेली नक्षी), किंवा मोठी रिकामी जागा असलेली भिंतीवरची क्विल्ट. सपाटपणा हाच तिचा जीव.

रेशमी साडीचे तुकडे. पैठणी किंवा इरकलीचा पदर वापरून केलेली वस्तू पाण्यात जाणार नाही हे खरं, पण दमट हवा आणि चुकून सांडलेलं पाणी आहेच. आत आटवलेली सुती किंवा पातळ पॉलिस्टर घातलेली बरी.

बाळाचं दुपटं. रोज धुतलं जाणार आणि पहिल्या आठवड्यातच पूर्ण आटणार. आधी आटवायचा कंटाळा असेल तर मापात दोन इंच जास्त धरा, तेही चालतं.

उग्र वास किंवा नाजूक त्वचा हे कारणही रास्त आहे. मात्र त्यासाठी तयार क्विल्ट वापराआधी एकदा धुतली तरी तेवढंच साधतं.

कित्येकदा लोक बॅटिंग धुतात ती केवळ घड्या पडल्या म्हणून. त्याला धुण्याची गरज नाही. सुती बॅटिंग पलंगावर पसरा, हलका फवारा मारा, हाताने सारखी करा आणि रात्रभर ठेवा. घाई असेल तर वर पातळ सुती कापड टाकून कोमट इस्त्री उचलून-उचलून ठेवा, फिरवू नका. पॉलिस्टरला इस्त्री दाखवूच नका. वितळली नाही तरी ती बसते आणि बसलेली परत फुलत नाही. ती एक दिवस नुसती मोकळी पसरली की पुरे.

दुसरं नेहमीचं कारण म्हणजे न विरंजित, म्हणजे ब्लीच न केलेल्या, बॅटिंगमधले तपकिरी कण. ते सरकीच्या टरफलाचे बारीक तुकडे असतात. पांढऱ्या किंवा फिक्या कापडातून ते ठिपक्यांसारखे दिसू शकतात, आणि त्यांच्यातला तेलकट रंग ओलाव्याने पसरून पिवळट डागही पडू शकतो. भिजवल्याने काही रंग निघतो, कण तिथेच राहतात. फिकं कापड असेल तर सरळ विरंजित पांढरी बॅटिंग घ्या. मोठे कण दिसले तर चिमट्याने उपटून काढा, पाच मिनिटांचं काम आहे.

नमुना आटवून बघा

अंदाजावर मोठी बॅटिंग कापण्यापेक्षा हे आधी करा. बॅटिंगचा ३० सेंमीचा चौकोन कापा. त्याच्या आत गडद दोऱ्याच्या टाक्यांनी नेमका २५ सेंमीचा चौकोन आखून घ्या. पेन नको, ते पसरतं. कडेपासून मोजू नका, कारण बॅटिंगची कड धुण्यात विसविशीत होते आणि माप फसवतं. एका बाजूला लांबीची दिशा बाणाच्या आकाराच्या टाक्यांनी दाखवा. गुंडाळीच्या लांबीत आणि रुंदीत आटण्याचं प्रमाण बऱ्याचदा वेगळं असतं.

वरच्या कापडाचा आणि अस्तराचा असाच एकेक चौकोन घ्या. कापडाच्या कडा आधी दुमडून शिवा. बॅटिंगचा चौकोन जुन्या, पुष्कळदा धुतलेल्या मलमलच्या पिशवीत सैल ठेवून पिशवीचं तोंड शिवा. मग तिन्ही तुकडे तसेच धुवा जशी पुढे क्विल्ट धुतली जाणार आहे: तेच पाणी, तोच साबण, तीच वाळवण. एरवी गार पाण्याने हाताने धुणार असाल तर नमुना ६० अंशांच्या पाण्यात घालून काही कळणार नाही.

पूर्ण वाळल्यावर, न ताणता, मोजा. २५ सेंमीवर अडीच मिलिमीटर म्हणजे १ टक्का. २४ सेंमी भरलं तर ४ टक्के आटलं. तिन्हींत २ टक्क्यांपर्यंत फरक असेल तर काही न धुता शिवायला घ्या. ३ च्या वर गेला तर जो जास्त आटतो तो थर आधी धुवा; तो थर बॅटिंगचा असेल तर वरच्या नियमाप्रमाणे कापडही. वेळ असेल तर न धुतलेल्या तिन्ही थरांचा ३० सेंमीचा छोटा नमुना ठरवलेल्या अंतरावर टाके घालून शिवा आणि तोही धुवा. सुरकुती आपल्याला आवडते की नाही हे टक्केवारीत कळत नाही, हातात घेऊन कळतं.

कापड किती जास्त घ्यायचं

बॅटिंग आणि अस्तर दोन्ही वरच्या पल्ल्यापेक्षा चारही बाजूंनी ३–४ इंच मोठे ठेवतात, कारण टाके घालताना थर आत ओढले जातात. ६०×९० इंचांच्या पल्ल्याला ६८×९८ इंचांची बॅटिंग लागते. ती आधी आटवणार असाल तर लागणाऱ्या मापाला ०.९५ ने भागा: ६८ चे साधारण ७२, ९८ चे १०३ च्या वर. म्हणजे कापायची ७२×१०४. नेमकी मापाची आणलेली बॅटिंग धुतली आणि कमी पडली, असं फार वेळा होतं. कमी पडलीच तर तुकडा जोडता येतो: दोन्ही कडा एकावर एक न चढवता, शेजारी-शेजारी भिडवून सैल तिरक्या टाक्यांनी शिवा. एकावर एक चढवल्या तर तिथे उंचवटा कायम जाणवतो.

काहीच न धुता शिवणार असाल तर उलटा हिशेब करा. ६०×९० ची क्विल्ट ४ टक्के आटली की ५७.६×८६.४ उरते. पलंगावर बेताने बसणारी असेल तर पहिल्या धुण्यानंतर ती बाजूंनी उघडी पडणार.

सुती बॅटिंग आटवण्याची रीत

धुणं हा शब्द इथे ढिला वापरला जातो. करायचं असतं ते फक्त भिजवणं. वॉशिंग मशीनचं नेहमीचं चक्र बॅटिंगवर चालवू नका. टॉप लोडमधला मधला दांडा तर तिच्या चिंध्या करतो.

६८×९८ इंच मापाची, १५० जीएसएमची बॅटिंग कोरडी असताना साधारण साडेसहाशे ग्रॅम भरते. भिजल्यावर ती सहज दोन-तीन किलोंची होते आणि ते सगळं वजन त्या कच्च्या तंतूंवर येतं. पुढची सगळी काळजी या वजनासाठी आहे.

मोठ्या टबात आधी एक जुनी चादर पसरा, तिची चारही टोकं टबाबाहेर राहू द्या. तिच्यावर बॅटिंग पंख्यासारख्या घड्या घालून ठेवा. टबाच्या कडेने हळू पाणी सोडा, थेट धार बॅटिंगवर नको. पाणी हाताला कोमट लागेल इतकं, ३०–४० अंश. क्विल्ट पुढे गरम पाण्यात धुणार असाल तर पाणीही तितकंच गरम घ्या, नाहीतर राहिलेलं आटणं नंतर बाहेर येईल. साबण नको. वास असेल तर सौम्य लिक्विडचे थोडे थेंब आधी पाण्यात मिसळा, मात्र मग दोनदा स्वच्छ पाणी बदलावं लागेल. तळव्याने वरून दाबत हवा काढा. बॅटिंग खाली बसली की २०–३० मिनिटं तशीच राहू द्या. चोळणं, ढवळणं, उलटणं काही नाही.

पाणी सोडून द्या आणि चक्क्यातलं पाणी काढतो तसं वरून दाबत राहा. पिळायचं नाही. बॅटिंगला हात न लावता चादरीची चार टोकं धरून गाठोडं उचला. दोघं असलात तर सोपं. तसंच चादरीसकट मशीनमध्ये ठेवा, ड्रमच्या कडेने सारखं पसरा आणि फक्त पाणी पिळण्याचं चक्र कमीत कमी वेगावर दोन-तीन मिनिटं चालवा. गाठोडं एका बाजूला राहिलं तर मशीन थरथरतं आणि बॅटिंगही एका बाजूने दबते. सेमी-ऑटोमॅटिकचा ड्रायर लहान असतो, त्यात दुपट्याएवढीच बॅटिंग घाला, मोठी कोंबू नका. मशीन नसेल तर दोन जाड टॉवेलांत गुंडाळून वरून दाबा, टॉवेल बदला, पुन्हा दाबा.

वाळवताना दोरीवर टाकू नका. ओल्या वजनाने दोरीपाशी पातळ होते आणि खाली लोंबते. गच्चीवर किंवा खाटेवर कोरडी चादर, तिच्यावर बॅटिंग आडवी पसरा. दर दोन तासांनी चादरीसकट उलटा. गरम हवेचा ड्रायर असेल तर मंद आचेवर, पूर्ण कोरडी व्हायच्या थोडं आधी बाहेर काढा. पसरताना चौकोनी दिसावी म्हणून ओढून सारखी करण्याचा मोह फार होतो, आणि इथेच सगळी मेहनत वाया जाते: ओली बॅटिंग ओढली की ताण पुन्हा भरला, तो पुढच्या धुण्यात परत सुटणार. वाकडी वाळली तर वाळू द्या, कापताना सरळ करता येते.

वाळल्यावर खिडकीसमोर धरून बघा. प्रकाश जिथे जास्त येतो तिथे तंतू सरकलेले आहेत. नाण्याएवढी विरळ जागा असेल तर कडेच्या कापातला कापूस ठेवून दोन-चार सैल टाके घाला. तळहाताएवढ्या जागा असतील तर तेवढा भाग वगळून कापा. काही बॅटिंगच्या पाठीला पॉलिस्टरची बारीक जाळी असते. ती भिजवणं चांगलं सोसते. जाळी नसलेली, नुसत्या कापसाची मऊ बॅटिंग हलक्या हाताने हाताळली तरी थोडी सरकतेच. पहिल्यांदाच करत असाल तर जाळीवाली घ्या.

पावसाळ्यात हा उद्योग न केलेला बरा. बाहेरून कोरडी लागणारी बॅटिंग आत ओली राहते, वास धरते, आणि शिवून झाल्यावर आतली बुरशी काढता येत नाही.

आतला थर साड्यांचा असेल तर

इथे धुणं आवश्यकच आहे, पण कारण आटणं नसून खळ आणि फॉल. कपाटात कडक करून ठेवलेल्या सुती साडीत स्टार्च असतो, त्यावर कसर येते. साडी साध्या पाण्यात रात्रभर भिजवून दोनदा खळबळून काढा. त्याआधी फॉल उसवा. तो साडीपेक्षा वेगळा आटतो आणि गोधडीत काठाच्या बाजूने कडक पट्टी जाणवते. जरीचा काठ कापून टाका, सुई अडते.

एका नऊवारीचे साधारण सव्वाआठ मीटर भरतात. तीन घड्या केल्या की पावणेतीन मीटरचे तीन थर मिळतात, एका माणसाच्या गोधडीला पुष्कळ. सहावारीचे दोन थर येतात. सुती आणि नायलॉन साड्या एकाच थरात मिसळू नका. नायलॉन गुळगुळीत असल्याने टाके घालताना सुती थरावरून सरकतं आणि एका टोकाला गोळा होतं. वर नवं छापील कापड लावणार असाल तर ते धुतल्याशिवाय लावू नका. साड्या आता आटणार नाहीत, तो पल्ला मात्र आटेल.

रंगाची गोष्ट वेगळी

बॅटिंग धुतल्याने वरच्या कापडाचा रंग जाणं थांबत नाही. लाल, मरून, निळीचे आणि हातछपाईचे कापड आधी तपासा: पांढरा ओला रुमाल कापडावर ठेवून गरम इस्त्री दाबा. रुमाल रंगला तर ते कापड रंग सुटायचा थांबेपर्यंत वेगळं धुवा. मिठाने किंवा व्हिनेगरने तयार कापडाचा रंग पक्का होत नाही. जास्तीचा रंग निघून जाणं हाच इलाज. न निघालेला रंग बॅटिंगने एकदा शोषला की फिक्या कापडातून त्याची छाया दिसत राहते.

सुट्टा कापूस

पिंजाऱ्याकडून पिंजून भरलेली रजई आणि दुलई या सगळ्या चर्चेच्या बाहेर आहेत. सुट्टा कापूस भिजला की गोळे होतात, ते नुसते वाळवून सुटत नाहीत. तो शिवण्याआधी धुवायचा नाही, नंतरही नाही. कडक उन्हात दोन्ही बाजूंनी तापवायचा, बाहेरून धुता येईल अशी सुती खोळ घालायची, आणि दबला की उसवून पुन्हा पिंजून घ्यायचा. जी वस्तू घरी धुवायची आहे तिच्यात सुट्टा कापूस भरू नका.

तयार क्विल्टचं पहिलं धुणं

आधी काही धुतलं असो वा नसो, पहिल्यांदा गार पाणी आणि सौम्य साबण. ब्लीच नको. फ्रंट लोड मशीन असेल तर नाजूक कपड्यांचं चक्र. हाताने धुवायचं तर टबात पायाने हलकं तुडवलं तरी चालतं, आता टाक्यांनी बॅटिंग धरलेली आहे. रंगाची शंका असेल तर क्विल्ट ओल्या घडीत पडून राहू देऊ नका, पाणी निघालं की लगेच पसरा. मोठी असेल तर एकाच दोरीवर न टाकता दोन-तीन समांतर दोऱ्यांवर वजन वाटून टाका, उलटी बाजू उन्हाकडे. वाळल्यावर लांबी-रुंदी मोजून पुढच्या क्विल्टसाठी बॅटिंगच्या पाकिटावरच लिहून ठेवा; पाकीट टाकून देऊ नका, टाक्यांचं अंतरही त्यावरच असतं.